पाण्याची बाटली घेऊनच जा

आधी सांगून टाकते, मी माशांमधली जाणकार नाही. जळगावात आमचं छोटं मेडिकल आहे. डी. फार्म होऊन एकोणीस वर्षं झाली, आणि त्यातली निम्मी तरी काउंटरपलीकडच्या माणसाला "चिठ्ठी आणा, चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळणार नाही" हे ऐकवण्यात गेली. अशा बाईने स्वतःच्या घरातल्या काचेच्या टाकीत, धड लेबलसुद्धा नसलेल्या तीन बाटल्या एकाच संध्याकाळी ओतल्या. का ओतल्या ते पुढे येईलच. त्यातून शोभेच्या माशांच्या ज्या दुकानाने मला बाहेर काढलं त्याच्याबद्दल हे लिहितेय.

दुकानाचं नाव टाकत नाही. ते चालवणाऱ्या काकांनीच नको म्हटलं. रविवारी तिथे आधीच उभं राहायला जागा नसते. जुन्या जळगावात जाऊन "माशांच्या औषधाला नाही म्हणणारे कुठे बसतात" असं विचारा, कोणीही दाखवेल.

टाकी आली डिसेंबरात, धाकट्याच्या वाढदिवसाला. दोन फुटी, पाणी मावतं साठेक लिटर. दुसऱ्या एका चकचकीत दुकानातून घेतली. तिथल्या पोराने टाकी, दिवा, रंगीत खडे, बुडबुडे सोडणारा प्लास्टिकचा खजिना आणि मासे असं सगळं एकाच बिलात बसवून दिलं. चार मॉली, सहा निऑन टेट्रा, दोन एंजल आणि काच चाटणारा एक सकर. पाणी कधी भरायचं, मासे कधी सोडायचे, असं मी विचारलं होतं. "लगेच सोडा मॅडम, काही होत नाही."

नवव्या दिवशी, रविवारी, आसोद्याकडच्या एका मळ्यात भरीत पार्टी होती. रात्री परत आलो तर एका एंजलच्या पंखांवर मिठाचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके. सकाळपर्यंत सगळ्या निऑनवर. मासे खड्यांवर अंग घासत होते. मी धावत त्या चकचकीत दुकानात. पोराने माशाचा फोटो अर्धा सेकंद पाहिला आणि एक निळी बाटली, एक हिरवी बाटली आणि पिवळी पावडर भरलेली तिसरी बाटली समोर ठेवली. "तिन्ही टाका, प्रत्येकी पाच-पाच थेंब, पावडर चिमूटभर." मी विचारलं, कशाची पावडर? "अँटिबायोटिक आहे ना." कोणतं, किती मिलिग्रॅम, एक्स्पायरी काय, यातलं काहीच बाटलीवर नव्हतं. माझ्या दुकानात अशी बाटली सापडली तर ड्रग इन्स्पेक्टर मला उभी करेल. पण मुलगा टाकीला नाक लावून बसला होता आणि मी तीनशे ऐंशी रुपये मोजले.

दोन दिवसांत चार निऑन गेले. उरलेले मासे पाण्याच्या वर तोंड काढून हवा गिळत होते.

काकांचा पत्ता मला आमच्याकडे बीपीच्या गोळ्या न्यायला येणाऱ्या एका गुरुजींनी दिला. मी माशांचे फोटो आणि तिन्ही बाटल्या पिशवीत घालून गेले. दुकान म्हणजे दहा बाय पंधराची खोली, भिंतीभर टाक्या, खाली ओली फरशी, आणि एअर पंपांची घरघर इतकी की मोठ्याने बोलावं लागतं. काका मूळचे अमळनेरकडचे, अहिराणी बोलतात.

"काय व्हयनं, ताई?"

मी फोटो पुढे केला. त्यांनी पाहिलाच नाही.

"पानी कोठे शे?"

पाणी आणलंच नव्हतं. घरी जा, टाकीतलं पाणी स्वच्छ बाटलीत भरा, साबणाने धुतलेली बाटली नको, आणि परत या. उन्हातून रिक्षाने गेले आणि आले. तेव्हा राग आला होता, हे लपवत नाही. आता मात्र खोकल्याच्या औषधाची एक रिकामी बाटली उकळून फक्त याच कामासाठी ठेवली आहे.

त्यांनी चार काचनळ्यांत पाणी घेतलं, थेंब टाकले. अमोनियाची नळी पिवळी राहायला हवी होती, ती गडद हिरवी झाली. पीएच आठच्या वर. मग मला स्टुलावर बसवून पंधरा मिनिटं शिकवणी घेतली, फुकट. मासे श्वासातून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात. फिल्टरच्या स्पंजात काही जिवाणू वाढतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात. ही वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि मी तर नवव्या दिवशी तेरा मासे कोंडून बसले होते. त्यात आपल्याकडचं पाणी जड, अल्कली बाजूचं. पीएच सातावरून आठवर गेला की अमोनियाचा खरा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. म्हणजे जे पुण्यामुंबईच्या मऊ पाण्यात कदाचित खपून गेलं असतं ते इथे खपत नाही. वर मी अँटिबायोटिक टाकून जे थोडेफार जिवाणू बसत होते तेही मारले. "मासा बिमार नही, पानी बिमार शे," काका म्हणाले. हे वाक्य ते येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतात, बरं का. पहिल्यांदा भारी वाटतं. चौथ्यांदा ऐकताना मी मनात पुढचं आधीच म्हणून टाकते.

माझ्या तीन बाटल्यांचं काय? त्यांनी निळी ठेवून घ्यायला सांगितली, बाकीच्या दोन बाजूला सारल्या. निळी म्हणजे मेथिलीन ब्लू. इथे मात्र मला बोलायला संधी मिळाली, कारण हे औषध माझ्या ओळखीचं आहे. मेथेमोग्लोबिनेमियात, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहायचं सोडून देतं तेव्हा, ते माणसाला शिरेतून देतात. माशाचंही नेमकं तेच होतं. पाण्यात नायट्राइट वाढलं की त्याचं रक्त चॉकलेटी होतं आणि पाण्यात हवा असूनही तो गुदमरतो. काकांना चॉकलेटी रक्त ठाऊक होतं, माणसाचं इंजेक्शन ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून ते मला जरा मान देऊन बोलतात. हा रंग १८७६ साली जर्मनीत कापड रंगवायला तयार झाला, आणि माशांवरच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या जिवाचं शास्त्रीय नावही १८७६ चंच. इतका योगायोग मला पुरेसा आहे, दिवसभर खूश होते.

हिरव्या बाटलीतलं मॅलेकाइट ग्रीन. नावात मॅलेकाइट असलं तरी त्यात तांबं नसतं, नाव फक्त रंगावरून पडलंय. ठिपक्यांवर चालतं, पण टेट्रा आणि खवले नसलेले मासे यांना झेपत नाही, त्यांना अर्धाच डोस द्यायचा. खायच्या माशांच्या तलावात तर त्याला मनाईच आहे. "त्या पोराने विचारलं का, टाकीत टेट्रा आहेत का?" विचारलं नव्हतं. त्यानेच विकले होते.

आता ठिपक्यांबद्दल, कारण दुकानात जाऊन सगळ्यात जास्त शिकले ते याबद्दल. कोपऱ्यात काकांचा एक जुना मायक्रोस्कोप आहे, कुठल्याशा शाळेच्या भंगारातून उचललेला, आरसा तडकलेला. दुसऱ्या दिवशी मी ठिपकेवाला एंजल पिशवीत घेऊन गेले. त्यांनी ओल्या हातात त्याला धरून पंखावरून काचेची कड अलगद फिरवली, थेंबभर पाण्यात स्लाइड केली आणि मला डोळा लावायला सांगितला. एक गोल, काळसर गोळा आपल्याभोवती सावकाश फिरत होता, अंगभर बारीक केस, आणि आत घोड्याच्या नालेच्या आकाराचं केंद्रक. "नाल दिसली? मग इचच." इच म्हणजे हाच पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. एकोणीस वर्षं औषधं विकून मी परजीवी जिवंत असा पहिल्यांदा पाहिला. मुलाला घेऊन परत गेले, तर तोवर स्लाइड वाळली होती. त्याने मला अजून माफ केलेलं नाही.

तर हा जीव माशाच्या कातडीच्या खाली शिरून बसतो. पांढरा ठिपका म्हणजे तो आणि त्याच्यावरची कातडी. तिथे असेपर्यंत पाण्यात टाकलेलं कुठलंही औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. पोट भरलं की तो गळून तळाला जातो, भोवती पडदा करतो आणि आत फुटत जाऊन शेकडो पिल्लं होतात. ती पोहत बाहेर येतात आणि दोनेक दिवसांत मासा नाही मिळाला तर मरतात. औषध चालतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर. म्हणून ठिपके गळून गेले की लोक खूश होऊन औषध थांबवतात, आणि आठवड्याने दहापट ठिपके येतात. ऐकताना मी हसले. आमच्याकडे तीन दिवसांत ताप उतरला की गोळ्या सोडून देणारे रोज चार येतात.

इलाज काय सांगितला? हीटर आणि मीठ. डिसेंबरात जळगावची रात्र दहा डिग्रीच्या आसपास उतरते, हॉलमधलं पाणी एकोणीसवर होतं. थंड पाण्यात या जिवाचं एक चक्र कित्येक आठवडे रेंगाळतं, तीस डिग्रीला तीन-चार दिवसांत पुरं होतं. चक्र लवकर फिरलं की पिल्लं लवकर बाहेर येतात आणि मिठाला सापडतात. रोज दोनेक डिग्री असं करत तीसपर्यंत चढवायचं, एअर पंप जोरात ठेवायचा. जाडं मीठ लिटरला दोन ग्रॅम, म्हणजे माझ्या साठ लिटरला एकशेवीस ग्रॅम, तेही तीन दिवसांत विभागून, कारण सकरला एकदम सोसत नाही. रोज एक तृतीयांश पाणी बदलायचं, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवून, आणि काढलेल्या पाण्याच्या हिशेबाने मीठ पुन्हा घालायचं. शेवटचा ठिपका दिसला त्यानंतरही दहा दिवस हे चालू. मीठ कुठलं घेऊ, विचारलं. समोरच्या फळीवर दीडशे रुपयांचं "एक्वेरियम सॉल्ट" होतं. काका म्हणाले, किराण्यातून घ्या. मग ते फळीवर ठेवलंय कशाला, हे मी विचारलं. मागणारे येतात, म्हणाले. हे मला पटलं नाही, लिहून ठेवते.

त्यांनी माझ्याकडून घेतलं ते शंभर वॉटच्या हीटरचे साडेचारशे आणि थर्मामीटरचे साठ. तपासणीचे शून्य.

दोन्ही एंजल, चारही मॉली आणि सकर वाचले. उरलेल्या दोन निऑनपैकी एक गेला. दुसऱ्याला सोबत म्हणून आणखी निऑन मागायला गेले, तर दिले नाहीत. निऑन ॲमेझॉनच्या मऊ, आंबट पाण्यातला मासा, आपल्या नळाखाली तो कुढत राहतो. मॉली घ्या, प्लॅटी घ्या, त्यांना जड पाणीच लागतं. किंवा गप्पी. गप्पी म्हटल्यावर मी नाक मुरडलं, कारण आमच्यासाठी गप्पी म्हणजे हिवताप विभागवाले डासांच्या अळ्या खायला हौदात आणि डबक्यात सोडतात ते. काकांनी एका टाकीत शेपट्या पिसाऱ्यासारख्या फुललेले गप्पी दाखवले. आता घरी आठ आहेत. म्हणजे सोमवारी आठ होते. गप्पीची मोजणी टिकत नाही.

आता दुकानाचे दोष, कारण नुसती आरती ओवाळायला बसलेली नाही. कुर्ल्याहून आलेले मासे ते दहा दिवस मागच्या टाक्यांत वेगळे ठेवतात, वर खडूने "विक्री नाही" लिहितात, हे उत्तम. पण गर्दीच्या वेळी त्याच जाळीने मागच्या टाकीतला मासा आणि पुढच्या टाकीतला मासा काढताना मी स्वतः पाहिलं आहे. जाळी बुडवायला पोटॅशची, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटची, बादली आहे, लाल पाणी तयार असतं, फक्त घाईत हात तिकडे जात नाही. मी टोकलं तर म्हणाले, "हो ना ताई, चुकलं." पुढच्या रविवारी पुन्हा तेच. फोन उचलत नाहीत. दुपारी एक ते पाच बंद. फ्लॉवरहॉर्न माशांच्या किमती मला तरी अवाच्या सवा वाटल्या. आणि चढत्या आवाजात बोलतात. एक कॉलेजचा पोरगा निळे-गुलाबी रंग टोचलेले काचमासे मागायला आला होता. पारदर्शक काचमासा हा आपल्याच देशातल्या नद्यांतला साधा मासा, सुईने अंगात रंग भरून तो विकतात, आणि टोचल्याजागी लिम्फोसिस्टिसचे विषाणूवाले गोळे येतात. काकांनी त्याला हे सांगितलं खरं, पण अशा आवाजात की तो पोरगा परत येणार नाही.

मे महिन्यात मी स्वतःच्या हुशारीने घाण केली. पारा पंचेचाळीसला टेकलेला, कूलर चालू असूनही टाकीतलं पाणी तेहेतीस. एका मॉलीच्या तोंडाभोवती पांढरा कापूस दिसला, पाठीवर खोगिरासारखा फिकट पट्टा. मला वाटलं, पांढरं आहे, म्हणजे मीठ आणि उष्णता. हीटर तर लावायची गरजच नव्हती. मीठ टाकलं आणि वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी तो मेला, तिसऱ्या दिवशी आणखी एकाच्या तोंडाला कापूस.

या वेळी बाटली घेऊन गेले. काका असे चिडले की मला आमच्या शाळेतले गणिताचे सर आठवले. कापसासारखं दिसतं म्हणून बुरशी नाही, पांढरं आहे म्हणून इच नाही. हा कॉलम्नॅरिस, जिवाणू आहे, आणि उष्णतेत भराभर वाढतो. इच लवकर घालवायला जी उष्णता लावतो तीच याला पोसते. शिवाय गरम पाण्यात ऑक्सिजनच कमी मावतो, पंचवीस डिग्रीला लिटरमागे आठ मिलिग्रॅमच्या थोडा वर, पस्तीसला सातच्या आसपास, आणि माशाला मात्र गरमीत तो जास्त लागतो. त्यात आमच्या भागात दुपारी लाईट जाते. त्यांनी मला बॅटरीवर चालणारा एअर पंप दिला, टाकीचं झाकण काढून वर टेबलफॅन लावायला सांगितलं, आणि बर्फ थेट न टाकता गोठवलेली पाण्याची बाटली तरंगवायला. दोन दिवसांत पाणी अठ्ठावीसवर आलं. आजारी मॉलीला वेगळ्या बादलीत पोटॅशच्या पाण्यात थोडा वेळ, डोळ्यासमोर, घड्याळ लावून. हे प्रमाण मी इथे लिहीत नाही. आपल्या अल्कली पाण्यात पोटॅश माशाच्या कल्ल्यांवर बसतं आणि चिमटीचा फरक जिवावर बेततो. त्यांनी माझ्यासमोर तोळ्याच्या काट्यावर मोजून पुड्या बांधून दिल्या, अगदी जुन्या कंपाउंडरसारख्या. अँटिबायोटिक ते ठेवतच नाहीत. मी मुद्दाम विचारून पाहिलं. "तुम्ही देता का चिठ्ठीशिवाय?" काकांनी उलट विचारलं. मी गप्प बसले.

त्याच भेटीत त्यांनी डाव्या हाताच्या बोटावरचा जुना व्रण दाखवला. कापलेल्या बोटाने टाकी साफ केली होती, नंतर गाठ आली आणि बरी होईना. माशांना एक क्षयाच्या जातीतला जिवाणू होतो, मायकोबॅक्टेरियम मॅरिनम. शरीरातल्या थंड जागा त्याला मानवतात, म्हणून माणसाला झाला तर बहुतेक वेळा हाताबोटांवर होतो. डॉक्टरांना मासे पाळतो हे आधी सांगितलंच नाही, त्यामुळे काही महिने चामखीळ समजून उपचार चालले. मग काही महिन्यांच्या गोळ्या. आता कोपरापर्यंतचे हातमोजे घालतात आणि गिऱ्हाइकांनाही घ्यायला लावतात. मी माझ्याच दुकानातले वापरते.

ऑगस्टमध्ये मोठ्या एंजलचं पोट फुगलं, खवले देवदाराच्या बोंडासारखे उभे राहिले. जलोदर. पाणी चारही नळ्यांत ठीक निघालं. मी विचारलं, काय देऊ? काकांनी पहिल्यांदाच आवाज खाली आणला. खवले असे उभे राहिले म्हणजे मूत्रपिंडं थकली, आत पाणी साठलं, इथून क्वचित कोणी परत येतं. दोन दिवस वेगळं ठेवून बघा, खात नसेल तर लवंगेचं तेल. ते तुमच्याकडेच असेल.

आमच्याकडे असतंच, दातदुखीवाल्यांसाठी. थोड्या पाण्यात थेंब घालून बाटली खूप हलवायची, ते पांढुरकं पाणी हळूहळू बादलीत सोडायचं. आधी झोप लागते, मग आणखी घातलं की श्वास थांबतो. मी ते धाकटा शाळेत गेल्यावर केलं. बादलीजवळ अर्धा तास बसले होते. संध्याकाळी त्याला खरं सांगितलं.

गेल्या आठवड्यात तपासणीचा स्वतःचा किट घ्यायला गेले, दर वेळी बाटली घेऊन जुन्या जळगावात जायचा कंटाळा आला म्हणून. सहाशे चाळीस सांगितले. सवयीने खोका उलटा केला. एक्स्पायरीला तीनच महिने उरलेले. काकांना चष्मा लागत होता, त्यांनी तो लावून नीट वाचलं, मग फळीवरचे बाकीचे पाचही खोके खाली काढून एकेक तारीख पाहायला लागले. मला तो साडेपाचशेला दिला. त्यातले दोन खोके त्यांनी माझ्यासमोर मागे टाकले, आणि तोवर बाहेर रविवारची रांग पायरीच्या खाली गेली होती.